झाकलेला चौक

सवासिनींनी भिंतीवरच्या लग्नाच्या चौकाची शेवटची पांढरी रेघ ओढली आणि मधोमध उभ्या राहिलेल्या पालघट देवीवर लाल कापड टाकलं. आता संध्याकाळी तुक्या भगताच्या अंगात वारं येईल, तो आपल्या हातानं ते कापड उचलील, तोवर त्या भिंतीतल्या देवीकडे कुणी बघायचं नाही. रखमीनं कापडाचे चारी कोपरे खिळ्यांना अडकलेत का ते बोटांनी चाचपलं. डोळ्यांवर तिचा भरवसा राहिला नव्हता. दोन पावसाळे झाले, उजव्या डोळ्यावर दुधासारखी साय धरली होती. डहाणूच्या डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं होतं आणि ती दर वेळी म्हणायची, एवढं लग्न होऊ दे.

लग्नं काही संपत नव्हती. एकतीस वर्षं रखमी धवलेरी होती. करंजपाड्यात आणि आसपासच्या पाड्यांत हातात दिवा धरून धवलेरी गाते आणि तिच्या गाण्यानं लग्न लागतं. तिनं शेकड्यांनी लग्नं लावली होती. आज भावाच्या घरचं होतं. देवजीचा संदीप उद्या नवरी आणणार होता. तो अंगभर हळद घेऊन मांडवात बसला होता आणि चारोटीच्या गॅरेजमधले त्याचे दोस्त त्याला "ए पिवळ्या" म्हणून हाका मारत होते.

गेल्या वर्षी याच भिंतीवर निलमचा चौक काढला होता. निलम म्हणजे देवजीची थोरली. महिन्याभरात तिचा नवरा हायवेवर ट्रेलरखाली गेला आणि ती एक पिशवी घेऊन माहेरी आली. त्यानंतर भिंत दोनदा शेणानं सारवली, पण हात लावला की रखमीला वाटायचं, सारवणाखाली तो जुना चौक अजून आहे. निलमला आज चौकाला शिवायचं नव्हतं. कुणी तिला तसं सांगायच्या आधीच ती पाटा घेऊन उंबऱ्याबाहेर बसली होती आणि रंगाला लागणारे तांदूळ वाटून देत होती.

"आत्या, आणखी लागेल?" तिनं बाहेरूनच विचारलं.

"नको गं. झाला चौक."

"मग हात धुऊ?"

"धू की."

निलमनं हात धुतले नाहीत. पांढरे हात मांडीवर ठेवून ती तशीच बसून राहिली.

बारकी धान्याच्या कणगीआडून आली. देवजीच्या धाकट्या भावाची, चिमणची बायको. "वन्सं, माझी जिवली अजून आली नाही. सकाळी आठच्या एसटीनं बांगड्या आणायला गेली डहाणूला. तीन वाजत आले."

"येईल. एसटी चुकली असेल. पोरींना बाजारात गेलं की घड्याळ दिसतं का?"

"फोन लागतो, उचलत नाही. प्रगतीला विचारलं तर ती माझ्याकडे बघतच नाही."

रखमीनं मान वळवली. प्रगती, देवजीची धाकटी, बारावीला गेलेली, गाणाऱ्या बायांच्या मधोमध बसली होती. हे नवल होतं. डहाणूच्या हॉस्टेलला गेल्यापासून ती गाण्यात बसत नसे. "आत्या, तुझं गाणं ऐकलं की झोप येते," म्हणायची. लहानपणी मात्र रखमीच्या मांडीवर बसून तिनं अर्ध्याअधिक ओळी तोंडपाठ केल्या होत्या. आज तिनं समोरच्या सुपाला फोन टेकवून उभा केला होता. एका कानात पांढरी वायर होती. फोनच्या काचेचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता आणि त्या उजेडात तोंडावर रक्ताचा थेंब दिसत नव्हता.

कुणाला तरी फोनवर लग्न दाखवत असेल, असं रखमीला वाटलं. तिला पोरीची चेष्टा करायची लहर आली. धवलेरी गाता गाता कुणाचीही चेष्टा करते, आणि जिची केली तिनं त्याच चालीत ओळ परत करायची असते. नाही जमली तर बाया हसून हसून तिला रडवतात. रखमीनं सूर लावला:

*सुपाच्या आडून चिमणी बघते गं,*
*चिमणी का दाणा टिपेना?*

बायांनी ओळ उचलली, घोळवली, परत ठेवली. प्रगतीनं मान वर केली. तिचे ओठ दोनदा हलले. मग ती गायली. आवाज कापत होता पण चाल सुटली नाही:

*एक चिमणी दूर फाशात पडली गं,*
*दुसरी इथं बसून बघते.*

बाया हसायच्या तयारीत होत्या, त्यांनी नुसतीच ओळ उचलली. लग्नाच्या गाण्यात फासा येत नाही. सोनीबाई, बायांतली सगळ्यांत जुन्या गळ्याची, रखमीकडे बघू लागली.  रखमीनं आवाज बदलू दिला नाही.

*फासा कुणी टाकला, कोण गं तो शिकारी,*
*चिमणी का हाक मारीना?*

प्रगतीनं फोनकडे बघितलं. फोनला काहीतरी बारीक आवाजात म्हणाली, "लग्नाचं आहे. आत्या गाते. मधेच उठता येत नाही." मग तिनं डोळे मिटले.

*डोळा लावून बसला, कान लावून बसला गं,*
*हाक मारू तर मान मोडतो.*

बायांच्या घोळक्यातून ती ओळ दोनदा फिरली. निम्म्याजणींना काही कळलं नाही, निम्म्याजणींनी प्रगतीवरची नजर काढली. आता रखमीला कळलं होतं. तो फोन लग्न बघत नव्हता. तो पोरीवर राखण बसला होता. पोरीला बोलता येत नव्हतं, लिहिता येत नव्हतं, खुणेसाठी बोट हलवता येत नव्हतं. गाता तेवढं येत होतं, कारण इथं सगळ्याच गात होत्या आणि काचेपलीकडच्या माणसाला गाण्याशी काही घेणं नव्हतं.

*कुठल्या रानात गं, कुठल्या पाण्याकाठी,*
*कुणाच्या घरट्याची चिमणी?*

*माझ्याच संगं जी उडाया शिकली गं,*
*बांगड्या भराया निघाली.*

कणगीजवळ बारकी उभी होती. तिच्या तोंडातून आवाज निघायच्या आत सोनीबाईनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि तिच्या तोंडावर पदर दाबला. प्रगती गातच होती, एका दमात, जसं काही थांबली तर पुढचं विसरेल:

*चुलीला विस्तव नाही, बाजा पडल्या उपड्या गं,*
*आईच्या डोंगराची वाट.*
*जिथं मोठा रस्ता नदीवरून जातो गं,*
*तिथं चिमणी कोंडली.*
*पाच वाजले की दुसरीला बोलावलं गं,*
*एकटी ये म्हणाला शिकारी.*

उंबऱ्याबाहेर निलम उठून उभी राहिली होती. रखमीनं सोनीबाईला डोळ्यांनी खूण केली. सोनीबाईनं खोकून घसा मोकळा केला आणि घोड्यावरच्या नवऱ्याचं लांबलचक गाणं सुरू केलं, ज्याला पंचवीस कडवी होती. रखमी गुडघ्यावर हात टेकत उठली, म्हातारीनं बाहेर जावं तशी सावकाश, बारकीला दंडाला धरून.

मांडवाच्या पलीकडे चिकूच्या झाडाखाली ती थांबली तेव्हा निलम संदीपला आणि बापाला घेऊन आलीच होती. चिमण मागून आला.

"आवाज वर करायचा नाही कुणी," रखमी म्हणाली. "जिवलीला कुणीतरी कोंडून ठेवलंय. चारोटीकडे, आईच्या डोंगराच्या वाटेवर, हायवे नदी ओलांडतो तिथं; चूल विझलेली, बाजा उपड्या पडल्यात. तो प्रगतीवर फोनमधून नजर ठेवून आहे. पाच वाजता तिलापण बोलावलंय."

"कोण?" देवजीनं विचारलं. "कुणी सांगितलं तुला?"

"तुझ्या पोरीनं. गाण्यात."

देवजी बहिणीकडे बघत राहिला. तिला ऊन लागलं असावं असंच त्याला वाटलं असणार. निलम म्हणाली, "बाबा, मी पण ऐकलं. खरंच आहे." तिनं संदीपच्या हातातून फोन घेतला. "जयश्रीला लावते. हॉस्टेलमधली. ह्या पाच जणी एकत्र असतात."

जयश्रीनं तिसऱ्या रिंगला उचललं, निलमनं फोन स्पीकरवर टाकला. ती एवढंच म्हणाली, "जिवली सापडत नाही," आणि पलीकडून रडणं सुरू झालं.

"ताई, आम्हाला वाटलं काही होणार नाही. आर्यन आहे ना, आमच्या ग्रुपचा ॲडमिन. अठरा वर्षांचा आहे म्हणाला, वापीला कॉलेजात. तो डेअर द्यायचा. आधी साधेच असायचे. बाईंच्या खुर्चीवर बसून रील कर. रात्री गच्चीवर जा. जी करणार नाही तिला सगळ्यांनी गावठी म्हणायचं. आम्हीपण म्हणायचो, ताई. मीपण म्हणायचे. मग त्याच्याकडे सगळ्यांच्या क्लिप जमल्या."

"जिवली का गेली?"

"प्रगतीची एक क्लिप आहे. तो म्हणाला घरच्यांना पाठवतो. प्रगती दोन दिवस जेवली नाही. जिवली म्हणाली मी जाते, समोरासमोर डिलीट करवून घेते. आम्हीच तिला सांगितलं, जा, घाबरतेस काय."

"कसली क्लिप?" देवजी मधे बोलला.

पलीकडे रडणं थांबलं. "तुमच्या घरातलीच आहे, काका. वाईट काही नाही. म्हणजे तसली नाही. पण मी नाही सांगणार."

संदीपनं फोन परत घेतला. "नदीच्या अलीकडे तो ढाबा आहे, दोन वर्षं बंद. बाजा उलट्या टाकून गेलेत. मागं गोडाऊन आहे. मी जातो."

"तू कुठं जातोस?" देवजीनं त्याचा दंड धरला. हळद देवजीच्या बोटांना लागली. "अंगावर हळद आहे तुझ्या. हळदीचा नवरा मांडवाबाहेर पाय टाकत नाही. वाऱ्यावावटळीला सापडतो. गेल्या वर्षी एकदा बघितलं ना या घरानं? चिमण जाईल. दोस्तांना पाठव."

"काकांना मोटारसायकल येते का? आणि त्या ढाब्याची मागची वाट माझ्या दोस्तांना माहीत नाही, बाबा. मी तिथं चार गाड्या ओढून काढल्यात."

बारकीनं तोंडावरचा पदर काढला. ती ओरडली नाही. तिचा आवाज एवढा खाली गेला होता की ऐकायला सगळ्यांना वाकावं लागलं. "भावजी, माझी पोर तिथं कोंडलीय आणि तुम्ही हळद बघता. मी सांगत होते, हॉस्टेलला नको. तुम्हीच म्हणालात, प्रगती आहे ना संगतीला. हीच ना संगत? तुमच्या पोरीचं निस्तरायला माझी पोर गेली."

"बारके, आता नको," चिमण म्हणाला.

"तुम्ही तर कधीच नको म्हणता. भावापुढं तोंड कधी उघडलंय तुम्ही?"

चिमणनं देवजीकडे बघितलं. सगळ्या जन्मात त्यानं थोरल्या भावाचा शब्द मोडला नव्हता. त्यानं जाऊन देवजीची बोटं संदीपच्या दंडावरून एकेक करून सोडवली. "दादा, मी मागं बसतो. पोराला आणीन परत. दोघांना आणीन."

 देवजी हाताला लागलेल्या हळदीकडे बघत राहिला.

"पोलिसांना मी कळवते," निलम म्हणाली. "मला त्यांच्याशी बोलायची सवय झालीय."

 संदीपनं पिवळ्या अंगावर दोस्ताचं जॅकेट चढवलं. गाडी चालू न करता दोघांनी ती पाड्याच्या शेवटच्या घरापर्यंत हातानं ढकलत नेली. रखमी त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत थांबली, म्हणजे तिच्या डोळ्यांमुळं फार वेळ थांबावं लागलं नाही. मग ती आत गेली.

नवऱ्याचं गाणं एकोणिसाव्या कडव्यावर होतं. रखमीनं बसता बसता ओळ उचलली आणि आपली ओळ आत घातली:

*हळदीचा घोडा मांडव सोडून निघाला गं,*
*टापांना वारा लागला.*

प्रगतीच्या पापण्या एकदाच हलल्या. बाकी काही नाही. रखमीला वाटलं, या पोरीला कुणी धीर शिकवला? मग वाटलं, धीर नव्हे. मोठी भीती असली की माणूस असंच दगडासारखं बसतं.

यानंतर तास दीड तास ती गात राहिली. गाणं थांबलं की तो माणूस पोरीला उठवील, हे तिला कळत होतं. तिनं सागाच्या पानाचं गाणं गायलं, ताडावर चढणाऱ्याचं गायलं, जावई रुसला त्याचं गायलं, ज्यावर एरवी बाया लोळून हसतात. आज बाया मान खाली घालून ओळी परत करत होत्या. एक लहान मूल रडलं तर तिघी एकदम त्याच्याकडे धावल्या. साडेचारच्या सुमाराला रखमीचा गळा फाटायला लागला. सोनीबाईनं पाण्याचा लोटा पुढं केला. रखमीनं घोटभर पाणी घेतलं आणि पुन्हा सुरू केलं. गळ्यातून आता सुराऐवजी नुसतं खरखर निघत होतं. पाटा उंबऱ्याशी रिकामा होता, निलम बाहेर फोनवर कुणाला तरी तोच रस्ता तिसऱ्यांदा समजावून सांगत होती: "नदीच्या अलीकडे, साहेब. अलीकडे."

पाचला दहा कमी होते. प्रगती फोनला म्हणाली, "हो. उठते."

तिनं फोन सुपावरून उचलला. रखमीनं गाता गाता तिचा पाय धरला, कुणाला दिसणार नाही असा, घोट्यापाशी. प्रगती म्हणाली, "चप्पल शोधते. बायांची गर्दी आहे." परत म्हणाली, "शोधतेय ना." घोट्याची शीर रखमीच्या अंगठ्याखाली उडत होती.

आणि मग प्रगतीचं तोंड बदललं. तिनं कानातली वायर उपटली. घरभर फोनचा आवाज पसरला: पत्रा वाजल्याचा, कुत्रं भुंकल्याचा, एका जाड, वय झालेल्या आवाजाची शिवी, आणि खूप लांबून संदीपची हाक, "काका, मागं, मागं." फोन बंद पडला.

गाणं त्या दुपारी पहिल्यांदा थांबलं.

 प्रगती फोन दोन्ही हातांत धरून उभी होती, जसा कुणी जिवंत निखारा धरावा आणि टाकायचं विसरावं. तेवढ्यात बारकीच्या कमरेचा फोन वाजला. मग देवजीचा मांडवात वाजला. मग कोपऱ्यातल्या पोरींचे, संदीपच्या दोस्तांचे. सगळ्या घराचा म्हणून एक ग्रुप होता, लग्नाच्या निमंत्रणासाठी केलेला. पळता पळता त्या माणसानं जिवलीच्या फोनवरून तिथं ती क्लिप टाकली होती.

एकोणीस सेकंदांची. लाल कापड. हिरव्या बांगड्यांचा एक हात. हात कापडाचा कोपरा वर करतो आणि आत पालघट देवी दिसते, अजून भगतानं न उघडलेली, निलमच्या चौकातली. प्रगतीचं हसू ऐकू येतं. "बघितली? आता कोण गावठी, बोला."

देवजी फोन हातात घेऊन आत आला. "हे निलमच्या लग्नातलं आहे?"

प्रगतीनं मान डोलावली.

"भगत यायच्या आधी?"

"हो, बाबा."

तेवढ्यात निलम बाहेरून म्हणाली, "सापडली." ती उंबऱ्यात उभी होती. "संदीपचा फोन. जिवली सापडली. बोलत नाही, पण चालतेय. पोलिसांनी त्या माणसाला धरलं. चाळिशीचा आहे. आर्यन कुणी नव्हताच."

बारकी मटकन खाली बसली आणि जमिनीला डोकं टेकवून रडली. बायांनी तिला वेढलं. थोड्या वेळासाठी घरात दुसरं काही नव्हतं. पण देवजी जागचा हलला नव्हता, आणि तुक्या भगत मांडवातून येऊन त्याच्या मागं उभा राहिला होता, संदीपच्या दोस्ताच्या फोनवरची ती एकोणीस सेकंदं पुन्हा बघत.

बारकीनं डोकं वर केलं. "हिच्यामुळं," ती म्हणाली. "पांढऱ्या पायाची म्हणून सगळे निलमला बोलले वर्षभर. मीपण बोलले. आणि हिनं देवी उघडून दाखवली गावाला. हिनं निलमचा नवरा खाल्ला. आज माझी पोर खाल्ली असती."

देवजीचा हात वर गेला. प्रगतीनं तोंड चुकवलं नाही. ती त्या हाताची किती दिवस वाट बघत होती, हे रखमीला तिच्या उभं राहण्यावरून दिसलं. त्या माणसाला नेमकं हेच ठाऊक होतं. पोरीच्या अंगावरचं काही नव्हतं त्याच्या हातात. एक कापडाचा कोपरा होता आणि एक मेलेला जावई होता. तेवढ्यानं त्यानं तिला ओढत नेलं असतं, आणि ती गेली असती.

रखमीनं एकतीस वर्षं देवीपुढं गायलं होतं आणि तिचा देवीवर विश्वास होता. कापड आधी उचललं तर देवी कोपते, हे तिनं पोरींना स्वतः शिकवलं होतं. निलमच्या कपाळीचं तिथूनच आलं नसेल असं ती छातीला हात लावून सांगू शकली नसती. तिला फक्त समोरची पोर दिसत होती, तीही धूसर.

"तिला मी सांगितलं होतं," रखमी म्हणाली.

आवाज एवढाच उरला होता की देवजीला "काय?" म्हणून विचारावं लागलं.

"माझ्या डोळ्यांना दिसत नाही. निलमच्या चौकात रेघ तुटली असं मला वाटलं. मी म्हणाले, पोरी, कापड जरा उचल, फोनमध्ये काढ आणि मला मोठं करून दाखव. माझी चूक. तिची नाही."

"मग हसली का?" बारकीनं विचारलं.

"सतरा वर्षांची पण नव्हती तेव्हा. हसायला काय लागतं त्या वयात? फोन तिचा, त्यात ते राहिलं, मैत्रिणींना दाखवलं असेल. उचलायला मी लावलं."

तुक्या भगत पुढं आला. त्याच्यात राग नव्हता, तो रखमीच्याच वयाचा होता, दोघांनी मिळून कितीतरी चौक उघडले होते. "रखमे, खरं बोलतेस?"

"धवलेरी आहे मी."

"धवलेरी आहेस म्हणूनच विचारतो. तू कापड उचलायला लावलं असशील, तर उद्याचं लग्न तुझ्या तोंडून लागायचं नाही. हे नाही आणि पुढचं कुठलंच नाही."

"माहीत आहे."

देवजीचा हात खाली आला होता, पण तो बहिणीकडे बघत होता आणि त्याच्या तोंडावर विश्वास नव्हता. बाया एकमेकींकडे बघत होत्या. गेल्या वर्षी त्या दुपारी रखमी कुठं होती, हे आठवायचा प्रयत्न करत होत्या. ते एकाच माणसाला नक्की माहीत होतं. त्या दुपारी रखमी चौकापाशी नव्हतीच. ती मागच्या पडवीत नवरीला हळद लावत होती, तिच्या पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत, आणि दोघी उगाच हसत होत्या.

त्या दुपारची नवरी आता उंबऱ्यात उभी होती. प्रगतीनं आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं असावं, असं बघितलं. निलमनं तिच्याकडे बघितलं नाही.

"आत्यानं सांगितलं तेव्हा मी तिथंच होते," निलम म्हणाली. "मी ऐकलंय."

तुक्या भगतानं मान डोलावली. रखमीनं कोनाड्यातला दिवा उतरवला, पदरानं पुसला आणि सोनीबाईच्या ओंजळीत ठेवला. 

लांबून गाडीचा आवाज आला. सगळे बाहेर धावले. घरात झाकलेला चौक उरला, रखमी उरली आणि प्रगती. प्रगती उंबऱ्याकडे दोन पावलं गेली. "ताई," म्हणाली.

निलम पाट्यापाशी खाली बसली होती. हातावरचं तांदळाचं वाटण केव्हाच वाळलं होतं. ती ते नखानं खरडत राहिली, एकेक बोट, पार मनगटापर्यंत, आणि वर न बघता म्हणाली, "जा. जिवलीला आत आण. तिला आधी पाणी दे."